मदत हवी आहे: कॉम्प्युटरच्या चित्रावरून गोधडी, खालचा भाग फुगतोय

रेशमी_रीळ
जर्मन कलाकार गेऑर्ग नीसच्या ‘शॉटर’वरून भिंतीवर लावायची गोधडी करतेय. वरच्या रांगा मस्त जमल्या. खाली मात्र सगळं फुगतंय, कडेला लाटा येतायत. उसवून परत शिवलं, इस्त्री केली, तरी तेच. पुढच्या रविवारी प्रदर्शनात द्यायची आहे. लवकर सांगा.

जुळे_सोलापूर
‘शॉटर’ काय असतं? हातशिलाई की मशीन? कापड कुठलं? फोटो टाका की.

रेशमी_रीळ
१९६८चं चित्र. आडवे १२ चौकोन, उभे २२. वर शिस्तीत, खाली येईल तसे कलंडत आणि सरकत जातात. शिलाई मशीनचीच. कापड सुती, सोलापूरच्या चाटी गल्लीतून आणलेलं.

कोरा_कागद
एआयचं चित्र प्रदर्शनात चालतं का ते आधी विचारा. विकणार असाल तर हक्काचा घोळ होतो.

रेशमी_रीळ
एआय नाही हो! नीसने प्रोग्रॅम लिहिला आणि प्लॉटरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या रेखाटन यंत्राच्या, पेनने कागदावर रेघा काढून घेतल्या. माझा प्रश्न कापड फुगण्याचा आहे.

बॉबिन
ताई, कलंडलेला चौकोन बसवायला भोवतीचे तुकडे कसे कापलेत?

रेशमी_रीळ
उरलेल्या जागेच्या मापाने, कापड वाया जाऊ नये म्हणून जसे बसतील तसे.

बॉबिन
मग दुखणं तिथंच आहे. त्या तुकड्यांच्या कडा उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या, आल्यात. उरेब कड हाताने जरा ओढली तरी वाढते, मशीनचे कापड सरकवणारे दात तर ती ओढतच नेतात. वरच्या चौकोनांना कल नाही म्हणून ते जमले. पातळ कागदावर प्रत्येक घर (चौकोन आणि भोवतीचे तुकडे) आखा, तुकडे कागदावर ठेवून रेघेवरून शिवा, घराची बाहेरची कड उभ्या-आडव्या धाग्यातच ठेवा. कागद शेवटी फाडायचा. कापायच्या आधी कापडाला कांजी, आणि इस्त्री घासायची नाही, वरून दाबायची.

वाकळवाली_मावशी
एवढा खटाटोप कशाला गं? मूळ चित्र नुसत्या रेघांचं आहे म्हणतेस ना, मग चौकोन कापायचेच कशाला? एक अखंड पांढरं कापड घे, आत जुनं मऊ लुगडं, आणि काळ्या दोऱ्याने धावदोऱ्याचेच चौकोन काढ. कापड कुठं कापलंच नाही तर ओढलं जाईल कसं? आमच्याकडं वाकळ अशीच होते.

बॉबिन
मावशी, २६४ चौकोन हाताने? रविवार तोंडावर आलाय.

वाकळवाली_मावशी
दोघी-तिघी चारी बाजूंनी बसल्या की होतं. कागद फाडताना टाके सैल पडतात त्याचं काय?

बॉबिन
टाका बारीक ठेवला की कागद सहज सुटतो, टाका हलत नाही.

पूर्व_भाग
आत जुनी सोलापुरी चादर घाला, भिंतीवर ताठ राहील. आमच्या वडिलांचे माग होते. नक्षी विणायच्या जकार्ड मागाच्या पुठ्ठ्याला भोक असलं की ताणा (उभा धागा) उचलला जायचा, नसलं की नाही. १८०४च्या या युक्तीवरूनच पुढं कॉम्प्युटरची पंचकार्डं, म्हणजे माहिती भरायची भोकांची कार्डं, आली. तुम्ही कॉम्प्युटरचं चित्र परत कापडावर आणताय, फार आवडलं.

जुळे_सोलापूर
चादर नको, मशीनच्या पायाखाली जाणारच नाही.

पूर्व_भाग
आमच्या मशीनवर जाते.

सम_विषम
चौकोनांचा कल कसा ठरवला? एक्सेलमध्ये रांगेचा क्रमांक गुणिले २ अंश घ्या, तेवढ्यात डावीकडे-उजवीकडे कुठलाही आकडा. बाविसाव्या रांगेत ४४ अंशांपर्यंत जातो. फक्त आलेले आकडे लगेच नुसते आकडे म्हणून चिकटवा, नाहीतर फाइल उघडली की सगळे बदलतात.

रेशमी_रीळ
कल ठरलेत, कापूनही झालंय. मावशींचं पटतंय, पण वरच्या रांगा टाकवत नाहीत. शिवलेला भाग वाचवता येईल का?

बॉबिन
येईल. रुंदीचं माप फुगलेल्या कडेवर घेऊ नका, वरच्या सपाट भागात घ्या. भोवतीची पट्टी सरळ धाग्यात, त्याच मापाची कापा. आधी दोन्ही टोकं आणि मध्य टाचा, मग फुगीर भाग टाचण्यांनी सारखा वाटून घ्या. शिवताना फुगीर बाजू खाली, दातांकडे ठेवा. थोडं फुगलेलं आत सामावेल. फारच असेल तर शेवटच्या रांगा उसवा आणि तेवढेच चौकोन अखंड कापडावर मावशींच्या पद्धतीने काढा. चित्र तिथंच सगळ्यात जास्त विस्कटतं, तिथं नुसत्या रेघा शोभतील.

वाकळवाली_मावशी
हे चांगलं सांगितलंस. ये गं घेऊन, बसू आपण. राहतेस कुठं?

रेशमी_रीळ
विजापूर रोडला. व्यनि (खाजगी निरोप) करते. काळा दोरा पक्क्या रंगाचा कुठला घेऊ? पांढऱ्यावर उतरायला नको.

जुळे_सोलापूर
कुठलाही घ्या, आधी वीतभर ओला करून पांढऱ्या चिंधीवर इस्त्रीखाली दाबून बघा.

नवी_सुई
तुमचा चर्चेचा धागा मधेच वापरतेय, माफ करा. बाळाच्या दुपट्यात कापूस घालू की जुनं धोतर?