ईएसएक्सआय ७ वरून प्रॉक्समॉक्सवर: विंडोज सर्व्हर, टॅली आणि अल्मा लिनक्स हलवायचेत

वागळे_आयटी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसचा एकच सर्व्हर आहे, त्यावर ईएसएक्सआय ७.० (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर). त्याचा सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हीएमवेअर ब्रॉडकॉमच्या ताब्यात गेल्यापासून कायमस्वरूपी लायसन्सही विकत मिळत नाही. म्हणून नव्या मशीनवर त्याच कामाचं प्रॉक्समॉक्स ८ टाकलंय, दोन एसएसडींच्या झेडएफएस मिररवर (दोन्हींवर तोच डेटा). हलवायचंय ते असं:

विंडोज सर्व्हर २०१९, ईएफआय बूट, सी ड्राइव्ह १०० जीबी, डी ड्राइव्ह ३०० जीबी. टॅलीप्राइम आणि फाइल शेअरिंग डी वर. जीएसटीच्या सहीसाठीचा डीएससी (डिजिटल सहीचा) टोकन यूएसबीने लावलेला.

अल्मा लिनक्स ८, बायोस बूट, ८० जीबी. ऑफिसपुरतं वेब अ‍ॅप.

विंडोजचा क्लोन (चाचणीपुरती नक्कल) आधी हलवून पाहिला. डिस्क व्यवस्थित कन्व्हर्ट झाली, व्हर्टआयओ स्कझीवर (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान डिस्क कंट्रोलर) लावली, पण बूट करताच निळा पडदा: इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. खरं काम शनिवारी संध्याकाळी सुरू करून सोमवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत संपवायचंय. कुठल्या क्रमाने जावं?

---

महापे_रॅक

डिस्क खराब झालेली नाही, काळजी सोडा. विंडोज बूट होताना फक्त ‘बूट स्टार्ट’ म्हणून नोंदलेले स्टोरेज ड्रायव्हर उचलतं. ईएसएक्सआयवर एलएसआय किंवा पीव्हीस्कझी कंट्रोलर होता, त्याचा ड्रायव्हर नोंदलेला आहे. व्हर्टआयओचा नाही. नुसता व्हर्टआयओचा इन्स्टॉलर जुन्या जागी चालवूनही हे हमखास सुटत नाही, कारण तसं हार्डवेअर प्रत्यक्ष दिसल्याशिवाय विंडोज तो ड्रायव्हर बूटच्या यादीत घेत नाही.

मार्ग असा. प्रॉक्समॉक्सवर पहिल्यांदा दोन्ही डिस्क साटावर लावा, कारण साटाचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. सोबत १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ स्कझीवर जोडा आणि व्हर्टआयओची आयएसओ सीडी ड्राइव्हमध्ये ठेवा. बूट करा, सीडीवरचा गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसते का पाहा. दिसली की ड्रायव्हर बसला. मग नीट शटडाऊन करा, दोन्ही खऱ्या डिस्क साटावरून डिटॅच करून स्कझीवर जोडा, छोटी डिस्क काढून टाका. बूट ऑर्डरमध्ये नव्या डिस्कवर खूण करायची राहते आणि मग ‘बूट होत नाही’ म्हणून माणूस तासभर डोकं खाजवतो, तेवढं बघा.

प्रॉक्समॉक्स ८.२ पासून ईएसएक्सआयला थेट स्टोरेज म्हणून जोडून इम्पोर्ट करता येतं. त्या विझार्डमध्ये ‘प्रिपेअर फॉर व्हर्टआयओ स्कझी’ अशी खूण आहे, ती केली की डिस्क आपोआप साटावर येतात. व्ही-सेंटर (व्हीएमवेअरचा मध्यवर्ती व्यवस्थापन सर्व्हर) असेल तरी त्याच्यामार्फत जोडू नका, सरळ होस्टचा आयपी द्या. व्ही-सेंटरमधून वेग फारच पडतो.

आता जुन्या घरात असतानाच करायची कामं. माझ्या मते सगळं स्थलांतर इथेच ठरतं, पुढचं नुसतं कॉपी होणं आहे.

स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या क्षणाच्या जतन केलेल्या स्थिती) सगळे डिलीट करून कन्सॉलिडेट करा. स्नॅपशॉट राहिला तर ताजा डेटा डेल्टा फाइलमध्ये असतो, आणि हाताने मूळ व्हीएमडीके (डिस्कची फाइल) उचललीत तर तो मागेच राहतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर सस्पेंड करा आणि रिकव्हरी की कागदावर घ्या, कारण व्हर्च्युअल टीपीएममधलं (किल्ल्या साठवणारी चिप) काही सोबत येत नाही. आयपी, गेटवे, डीएनएस लिहून ठेवा.

सगळ्यात शेवटी व्हीएमवेअर टूल्स (व्हीएममध्ये बसवलेले व्हीएमवेअरचे ड्रायव्हर) काढा. नंतर प्रॉक्समॉक्सवर ते काढायला गेलात तर अनइन्स्टॉलर ‘हे व्हीएमवेअरचं मशीन नाही’ म्हणून अडून बसतो. काढल्यावर रीस्टार्ट मागेल, तिथे शटडाऊनच द्या. त्याआधी पूर्ण बॅकअप हवाच. बूट डिस्क पीव्हीस्कझीवर असेल तर टूल्ससोबत तिचा ड्रायव्हरही जाऊ शकतो, आणि परत फिरायची वेळ आली तर जुनं मशीनही उठणार नाही.

विंडोजच्या नव्या व्हीएममध्ये बायोसच्या जागी ओव्हीएमएफ (ईएफआय बूटसाठी) निवडा, ईएफआय डिस्क जोडा. अल्मासाठी मात्र सीबायोस (जुन्या बायोस बूटसाठी). उलटसुलट झालं तर बूटलोडर सापडतच नाही.

वेळेचा हिशेब: १ गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास, म्हणजे ४०० जीबी कागदावर तासाभराचं काम. ईएसएक्सआयच्या मॅनेजमेंट पोर्टवरून तेवढा वेग क्वचितच मिळतो, वेळ तिप्पट धरा. तरी शनिवारची रात्र पुरते.

---

ऐरोली_कर्नल

अल्माबद्दल. रेडहॅट घराण्यात इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइल सिस्टिम, ती ड्रॅकट बनवतं) फक्त त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर घेऊन बनतं. प्रॉक्समॉक्सवर आणलं की रूट डिस्क सापडत नाही आणि ड्रॅकटच्या इमर्जन्सी शेलमध्ये अडकतं. जुन्या जागी असतानाच ड्रॅकट ‘नो-होस्टओन्ली’ आणि ‘फोर्स’ हे दोन पर्याय देऊन चालवा, चालू कर्नलसाठी. एवढं पुरतं. राहिलंच तर ग्रबच्या मेनूत ‘रेस्क्यू’ नावाची नोंद असते, तिच्यात सगळे ड्रायव्हर असतात. तिने बूट करा आणि मग ड्रॅकट चालवा, तेव्हा मात्र नेहमीच्या कर्नलची आवृत्ती स्वतः द्या.

एफएसटॅबमध्ये (बूटला जोडायच्या डिस्कची यादी) नावांऐवजी यूयूआयडी (डिस्कचे कायमचे ओळख क्रमांक) आहेत ना पाहून घ्या. स्कझीवर डिस्कचं नाव एसडीए राहतं, पण व्हर्टआयओ ब्लॉकवर लावलीत तर व्हीडीए होतं.

नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस१९२ वरून बहुतेक ईएनएस१८ होईल. जुन्या नावाची प्रोफाइल मग लागू होत नाही आणि मशीन आयपीशिवाय उठतं. एसएसएच नाही, त्यामुळे वेब कन्सोलमधूनच दुरुस्त करावं लागेल. रूटचा पासवर्ड हाताशी ठेवा. आणि फायरवॉल-डी (लिनक्सची फायरवॉल): झोन (नियमांचा संच) जुन्या कार्डाच्या नावाला बांधला असेल तर नवं कार्ड डिफॉल्ट झोनमध्ये पडतं. पिंग चालतं, वेब अ‍ॅप उघडत नाही, आणि सगळे जण अ‍ॅपलाच दोष देतात.

---

घणसोली_बॅकअप

विझार्डमधला ‘लाइव्ह इम्पोर्ट’ (कॉपी चालू असतानाच मशीन सुरू करणं) टॅलीच्या मशीनसाठी वापरू नका. मशीन लगेच सुरू होतं खरं, पण इम्पोर्ट मध्येच तुटला तर सुरू झाल्यापासून लिहिलेलं सगळं जातं. हातात दीड दिवस असताना ही घाई कशाला?

हाताने करणाऱ्यांसाठी: ईएसएक्सआयवर प्रत्येक डिस्कच्या दोन फाइल असतात, काही ओळींची डिस्क्रिप्टर आणि ‘फ्लॅट’ नावाची मोठी. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये कॉपी करा, इम्पोर्ट करताना नाव डिस्क्रिप्टरचं द्या. प्रॉक्समॉक्सची ‘डिस्क इम्पोर्ट’ कमांड स्वतःच रूपांतर करते. आधी क्यूकाऊ२ (डिस्क फाइलचा दुसरा प्रकार) बनवून मग ती झेडएफएसवर चढवणं म्हणजे दुप्पट वेळ. झेडएफएसवर शेवटी रॉ व्हॉल्यूमच तयार होतो.

डिस्कवर ‘डिस्कार्ड’ची खूण करा आणि विंडोजमध्ये एकदा ऑप्टिमाइझ चालवा, म्हणजे थिन प्रोव्हिजनिंग (वापरली तेवढीच जागा घेणं) असेल तर रिकामी जागा पूलला परत मिळते.

---

वागळे_आयटी

उपयोग झाला, धन्यवाद. क्लोन साटावरून उठला, १ जीबीची युक्ती करून स्कझीवरही आला. तीन गोष्टी अडल्यात. डी ड्राइव्ह गायब आहे. जुना आयपी टाकला तर ‘हा पत्ता दुसऱ्या अडॅप्टरला दिलेला आहे’ म्हणतो. आणि घड्याळ साडेपाच तास मागे आहे. शिवाय टॅलीच्या लायसन्सचं काय करायचं?

---

महापे_रॅक

डी ड्राइव्ह गायब नाही, ऑफलाइन आहे. सर्व्हर आवृत्त्यांमध्ये कंट्रोलर बदलला की सॅन पॉलिसीमुळे (नव्या दिसलेल्या डिस्क आपोआप जोडायच्या का, याचा विंडोजचा नियम) बूट सोडून बाकीच्या डिस्क ऑफलाइन राहू शकतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून ऑनलाइन करा, रीड-ओन्ली दिसली तर डिस्कपार्टमधून ती खूण काढा. मग ‘सर्व्हर’ ही सर्व्हिस रीस्टार्ट करा. बूटच्या वेळी फोल्डर सापडला नाही म्हणून शेअर तयार झाले नव्हते, ते परत येतील. नव्याने शेअर बनवत बसू नका.

आयपी: जुनं व्हीएमएक्सनेट३ (व्हीएमवेअरचं व्हर्च्युअल नेटवर्क) कार्ड लपून बसलंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ करून ते काढा. मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) जुनाच ठेवा, विझार्डमधल्या ‘युनिक मॅक’वर खूण नको. राउटरवरचं डीएचसीपी रिझर्व्हेशन आणि मॅकवर बांधलेली लायसन्स त्यानेच टिकतात.

घड्याळ: क्लोन हाताने बनवताना ओएसचा प्रकार ‘अदर’ किंवा लिनक्स राहिलाय. प्रॉक्समॉक्स मग यूटीसी वेळ देतं आणि विंडोज ती स्थानिक समजून घेतं, म्हणून नेमका ५ तास ३० मिनिटांचा फरक. प्रकार विंडोज करा, पूर्ण बंद करून चालू करा. डोमेन असेल तर हे आधी मिटवा, कर्बरोसला (डोमेनची लॉगिन व्यवस्था) ५ मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही आणि कुणाचंच लॉगिन होणार नाही.

---

कोपरी_टॅली

टॅलीचं लायसन्स मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं. शनिवारी शेवटचा शटडाऊन देण्याआधी, इंटरनेट चालू असताना, टॅलीमधून ‘सरेंडर’ करा आणि नव्या जागी पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करा. सिरियल नंबर आणि नोंदवलेल्या ईमेलचा पासवर्ड आधीच तपासा. तो ईमेल बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. क्लोनवर अ‍ॅक्टिव्हेशन करू नका. तिथे एज्युकेशनल मोडमध्ये कंपनी उघडते आणि जुन्या नोंदी दिसतात का तेवढं पाहिलं की झालं.

डीएससी टोकन यूएसबी पासथ्रूने (सर्व्हरला लावलेलं उपकरण थेट व्हीएमला देऊन) विंडोजला देता येतो, पण रिमोट डेस्कटॉपने आत गेलात तर दिसणार नाही. त्या सत्रात विंडोज तुमच्या समोरच्या पीसीवरची स्मार्टकार्डं दाखवतं, सर्व्हरला लावलेली नाही. टोकन अकाउंटंटच्या पीसीलाच लावा, वेगळा पासथ्रू लागतच नाही.

---

घणसोली_बॅकअप

जुनी व्हीएम लगेच डिलीट करू नका, पण ईएसएक्सआयवर तिचं ऑटोस्टार्ट बंद करा आणि नेटवर्क कार्डासमोरची ‘कनेक्ट’ची खूण काढा. दुपारी महावितरणची लाइट गेली, यूपीएस संपला आणि जुना सर्व्हर परत आला, की तीच व्हीएम त्याच आयपीवर उठते. मग निम्मं ऑफिस जुन्या शेअरवर फाइल सेव्ह करतं आणि निम्मं नव्या. नव्या मशीनचे दोन-तीन बॅकअप होऊन त्यातला एक रिस्टोर करून पाहिला, की मग जुनी डिस्क मोकळी करा.