मदत हवी आहे: माँटेनेग्रोचं प्रूफ नाणं घ्यावं का?

नाणेघाट: माँटेनेग्रोच्या निकोला राजाची साधी नाणी माझ्याकडे आहेत, प्रूफ (पॉलिश केलेल्या साच्यातून संग्राहकांसाठी खास पाडलेलं नाणं) मात्र एकही नाही. व्हिएन्नातला एक विक्रेता पाच पर्पेरचं (पर्पेर हे तिथलं तेव्हाचं चलन) प्रूफ देतोय, 'राजाच्या काळातलं' म्हणतो. मावसभाऊ तिथेच असतो, तो जाऊन घेईल. मंगळवारच्या आत हो-नाही कळवायचंय. फोटोत आरशासारखं चमकतंय. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

टाकसाळकर: वर्ष कुठलं? वजन किती? कडेचा फोटो आहे का? याशिवाय कोण काय सांगणार?

नाणेघाट: चांदीचं, २४ ग्रॅम, १९०९. घ्यावं का तेवढं सांगा.

टाकसाळकर: मग ते राजाच्या काळातलं नाहीच. निकोला २८ ऑगस्ट १९१० ला राजा झाला, तोवर तो प्रिन्स होता आणि १९०९ च्या नाण्यावर सिरिलिकमध्ये तसंच लिहिलंय. पाच पर्पेरमध्ये राजेपणाची वर्षं दोनच, १९१२ आणि १९१४. १९१८ च्या नोव्हेंबरात गादीच गेली.

सोनमोहोर: चांदीत काय अडकताय? १९१० चं सोन्याचं शंभर पर्पेर बघा! ३३.८७ ग्रॅम, ऑस्ट्रियाच्या शंभर क्रोनच्या मापाचं, व्हिएन्नाच्याच टाकसाळीतलं. त्यातही निकोलाच्या डोक्यावर पानांचा मुकुट असलेलं घ्या, ते कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवाचं. दोन्ही प्रकार मोजकेच पाडले होते.

टाकसाळकर: ते लाखांत जातं हो. त्यांनी विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

मोरपीस: माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे. कितीला जाईल?

सोनमोहोर: नाणेघाट, बिनधास्त घ्या, इथे आणा आणि एनजीसी या नाणी तपासणाऱ्या कंपनीकडे अमेरिकेला पाठवून ग्रेड करून घ्या, म्हणजे ते खरेपणा आणि दर्जा तपासून नाणं दर्जाच्या आकड्यासह डबीत बंद करून देतात. मी नेहमी तेच करतो.

टाकसाळकर: असं मुळीच करू नका! १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते कुठल्याही देशाचं असो. ग्रेडिंग करायचं तर तिकडेच उरकून मग आणा.

सोनमोहोर: माझी सगळी १९५० नंतरची, म्हणून कधी अडलं नाही. पण ग्रेडिंगशिवाय प्रूफ घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

अवंती: ग्रेडिंगच्या डबीवरच्या आकड्याआधी नाणं बघा. भावाला दहापट भिंग घेऊन जायला सांगा. दिव्याखाली नाणं तिरकं धरायचं. घासून चमकवलेलं असेल तर बारीक ओरखडे मोकळ्या जागेतून थेट अक्षरांवर, निकोलाच्या गालावर चढलेले दिसतात. साच्याला पॉलिश केल्याच्या रेघा नाण्यावर उठावाच्या असतात आणि अक्षरापाशी येऊन थांबतात. मिशीचे केस सुटे दिसायला हवेत, कड काटकोनात धारदार हवी. नुसत्या चमकेवर जाऊ नका, चमक पॉलिशनेही येते.

नाणेघाट: आत्ताच्या फोटोत कड गोलसर वाटतेय. भावाला शनिवारी पाठवतो. १९१२ चं आहे का तेही विचारायला सांगतो.

टाकसाळकर: कडेचा फोटो इथे टाका, मगच पैसे द्या.

मोरपीस: माझ्या नाण्याचं कोणी सांगेल का?