एक्सटीसी ऐकायला सुरुवात कुठून करू?

बदलापूर_फास्ट:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझा मामा १९८० च्या मार्चमध्ये धोबी तलावच्या रंगभवनात 'द पोलीस' या ब्रिटिश रॉक बँडच्या शोला गेला होता, त्याच्या कॅसेटी ऐकतच मी मोठा झालो, पुढे कॉलेजात टॉकिंग हेड्स आणि गँग ऑफ फोर लागले आणि आता जिथेतिथे एक्सटीसी या इंग्लिश बँडचं नाव समोर येतंय. 'मेकिंग प्लॅन्स फॉर नायजेल' ऐकलं, वेड लागलं. मग एका मित्राने 'डिअर गॉड' पाठवलं तर ते इतकं वेगळं की हाच बँड का म्हणून नाव परत तपासलं. १९७८ ते २००० मध्ये बारा अल्बम आहेत. क्रमाने ऐकू की मधूनच कुठेतरी घुसू? आणि एकच एलपी घ्यायची झाली (इम्पोर्टेडचे भाव तुम्हाला माहितीच आहेत) तर कुठली? येता-जाता हेडफोनवर ऐकतो, घरी मामाचा टर्नटेबल आहे. बेस्ट ऑफ नका सांगू प्लीज, अख्खा अल्बम ऐकायची सवय आहे.

जुनी_कॅसेट:
क्रमाने अजिबात नको. सरळ 'इंग्लिश सेटलमेंट' लाव, फेब्रुवारी १९८२ चा. कारण सांगतो. या बँडच्या आयुष्याचे दोन भाग पडतात आणि हा अल्बम बरोबर त्या सांध्यावर आहे. त्याआधीचा एक्सटीसी म्हणजे स्टेजवरचा बँड, वर्षानुवर्षं एका गावातून दुसऱ्या गावात, तुझ्या पोलीसबरोबरसुद्धा अमेरिकेत वाजवून आलेले आहेत. नंतरचा एक्सटीसी फक्त स्टुडिओतला. मार्च १९८२ मध्ये पॅरिसला शो सुरू होतो न होतो तोच गायक-गिटारवाला अँडी पार्ट्रिज स्टेज सोडून निघून गेला, एप्रिलमध्ये हॉलिवूड पॅलेडियमचा शो रद्द झाला आणि त्यानंतर हा बँड पुन्हा कधी दौऱ्यावर गेलाच नाही. लोक 'त्याला स्टेजची भीती वाटायची' एवढंच सांगून मोकळे होतात, मला ते पटत नाही. तो माणूस पोरवयापासून व्हॅलियमच्या गोळ्यांवर होता, त्या एकदम बंद झाल्या, वर सततचे दौरे आणि हातात पैसा नाही, शरीर किती दिवस साथ देणार.

आणि गंमत बघ, त्याच अल्बमने त्यांना सगळ्यात जास्त यश दिलं. ब्रिटनच्या चार्टवर अल्बम ५ व्या नंबरला, 'सेन्सेस वर्किंग ओव्हरटाइम' १० व्या नंबरला. डेव्ह ग्रेगरीची बारा तारांची रिकनबॅकर गिटार, कॉलिन मोल्डिंगचा फ्रेटलेस बेस, अकूस्टिक गिटार, म्हणजे पुढे जे काही येणार त्याची चाहूल इथेच लागते, पण ड्रम्स अजून स्टेजवरच्या ताकदीचेच आहेत. पहिलं गाणं 'रनअवेज' कॉलिनचं, घरातल्या मारझोडीला कंटाळून पळालेल्या पोराचं. सूर हळूहळू धुक्यातून आल्यासारखा येतो, तिथे घाई करू नकोस.

एलपी घेताना एक बघ. मूळ ब्रिटिश आवृत्ती दोन तबकड्यांची आहे, पंधरा गाणी. त्या वेळच्या अमेरिकन आवृत्तीत गाणी कापून एकच तबकडी केली होती. सेकंडहँड स्वस्त दिसली की आधी दोन डिस्क आहेत का विचार, नाहीतर एक तृतीयांश अल्बम गेला.

मुग्धा_के:
जुनी_कॅसेट यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, नवीन माणसाला पहिल्याच दिवशी एक तासाहून मोठा डबल अल्बम देऊ नका, निम्म्यात थकतो. माझं मत 'स्कायलार्किंग' (१९८६). पन्नासेक मिनिटांच्या आत संपतो आणि गाणी एकमेकांत मिसळत जातात, 'समर्स कॉल्ड्रन'मधले किडे-पाखरांचे आवाज संपतात कधी आणि 'ग्रास' सुरू होतं कधी कळत नाही. सुरुवातीला कडक उन्हाळी दुपार आणि मग प्रेम, लग्न, संसार, कंटाळा, मरण असं करत शेवटाला येतो. हा क्रम बँडने नाही लावला, प्रोड्यूसर टॉड रंडग्रेनने लावला, तोही रेकॉर्डिंगच्या आधी, नुसते डेमो ऐकून. पार्ट्रिज आणि त्याचं वुडस्टॉकच्या स्टुडिओत जाम वाजलं, रेकॉर्डिंगभर कटकट, पण त्या भांडणातून जे निघालं ते ऐका हो एकदा. 'वन थाउजंड अम्ब्रेलाज'ची तंतुवाद्यं डेव्ह ग्रेगरीने लिहिलीत, मी ते गाणं पावसाळ्यात लावूच शकत नाही, फार आत जातं.

तुमचं 'डिअर गॉड' मूळ ब्रिटिश अल्बममध्ये नव्हतंच बरं का. 'ग्रास'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला टाकलं होतं, अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी तेच उचलून धरलं, मग तिकडच्या पुढच्या आवृत्तीत 'मरमेड स्माइल्ड' काढून ते बसवलं. माझ्या मते 'मरमेड स्माइल्ड' जायला नको होतं, फार गोड गाणं आहे.

ठोकाबहाद्दर:
दोघांनीही ड्रमवाल्यांवर अन्याय केला आहे! ज्याला नायजेल आवडलं त्याने 'ड्रम्स अँड वायर्स' (१९७९) आधी ऐकायचा, साधा हिशोब. १९७९ च्या सुरुवातीला कीबोर्डवाला बॅरी अँड्र्यूज गेलेला, त्याच्या जागी आणखी एक कीबोर्डवाला आणण्याऐवजी यांनी डेव्ह ग्रेगरीला घेतलं म्हणजे दोन गिटार, आणि सगळ्या आवाजाचा तोल बदलला. आता नायजेल पुन्हा लाव आणि फक्त ड्रमर टेरी चेंबर्सकडे कान ठेव. नेहमीच्या रॉक ठेक्यात हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सतत चालू असतो आणि टॉमटॉम (घुमणारे छोटे ड्रम) मध्येच भरायला येतात ना, इथे उलटं आहे, हाय-हॅटचं सततचं काम टॉमटॉम करतात. म्हणून ते गाणं कारखान्यातल्या मशीनसारखं चालतं, आणि गाण्यातल्या त्या पोराचं पुढचं सगळं आयुष्य त्याच्या आईबापाने ब्रिटिश स्टीलच्या नोकरीत आखून ठेवलेलं आहे, म्हणजे ठेका आणि अर्थ एकाच जागी. मी स्वतः वाजवतो म्हणून सांगतो, हात सरावाने हाय-हॅटवरच जातो, ते मोडायला वेळ लागतो. ब्रिटनमध्ये ते १७ व्या नंबरपर्यंत गेलं. आणि लिहिलंय कॉलिनने, अँडीने नाही, हे बरेच जण विसरतात. या बँडमध्ये दोन गीतकार होते आणि सुरुवातीची बरीच सिंगल्स कॉलिनची आहेत.

प्रोड्यूसर स्टीव्ह लिलीव्हाइट, इंजिनिअर ह्यू पॅजम, लंडनचा टाउनहाउस स्टुडिओ. हीच जोडी लगेच पुढे पीटर गेब्रियलच्या तिसऱ्या अल्बमवर होती, ज्यातल्या फिल कॉलिन्सच्या ड्रम्सच्या आवाजाने अख्खं ऐंशीचं दशक व्यापलं, आणि त्यात गिटारवर आपला डेव्ह ग्रेगरीसुद्धा आहे. नंतर लगोलग 'ब्लॅक सी' (१९८०) ऐक, मोठ्या आवाजात, हेडफोनवर नको. स्टेजवरचा एक्सटीसी कसा असेल हे त्याच्याइतकं कुठलाच अल्बम सांगत नाही. पहिले दोन ('व्हाइट म्युझिक', 'गो टू', दोन्ही १९७८) नंतर ऐकलेस तरी चालेल, भन्नाट आहेत पण गाण्यापेक्षा धावपळ जास्त.

पेडण्याचो_झील:
इथे एक्सटीसीचा धागा बघून राहवलं नाही. मी मूळ पेडण्याचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये राहतो, इथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे हे काही जणांना माहिती असेल. एक्सटीसी याच गावचे. पार्ट्रिज जन्मला माल्टात पण वाढला इथल्या पेनहिलमध्ये, कौन्सिलच्या घरांची वस्ती, मोल्डिंगही तिथलाच. लंडनहून ब्रिस्टलला जाणाऱ्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेमुळे हे गाव वाढलं, इंजिनं बांधायचा प्रचंड कारखाना होता, तो १९८६ मध्ये बंद पडला, आता त्यातल्या एका भागात रेल्वेचं म्युझियम आहे. इथल्या जुन्या लोकांशी बोललात की कळतं, घरटी एक माणूस तरी कारखान्यात असायचा.

म्हणून माझी शिफारस 'द बिग एक्सप्रेस' (१९८४). वर कोणीच नाव काढलं नाही त्याचं. त्या वेळी टेरी चेंबर्स बँड सोडून गेला होता, दौरेच नाहीत तर ड्रमर घरी बसून काय करणार, म्हणून ड्रम्सवर पीट फिप्स आणि सोबत लिनड्रम मशीन आहे. मूळ एलपीचं कव्हरच गोल होतं, इंजिनाच्या चाकासारखं. शेवटचं गाणं 'ट्रेन रनिंग लो ऑन सोल कोल' मी म्युझियममधलं इंजिन बघून आल्यावर ऐकलं तेव्हा कुठे पूर्ण कळलं, वाफ संपत आलेल्या इंजिनासारखाच त्याचा वेग खाली येतो. खपला नाही, समीक्षकांनीही फार उचलला नाही, पण गावाबद्दल इतक्या मायेने आणि तितक्याच रागाने लिहिलेली गाणी मला दुसरीकडे सापडली नाहीत. 'इंग्लिश सेटलमेंट'च्या कव्हरवरचा तो पांढरा घोडापण इथून जवळच आहे, अफिंग्टनला, डोंगरउतारावर खडू भरून काढलेला, तीनेक हजार वर्षांपूर्वीचा. कोणी इकडे आलात तर जरूर बघा, संध्याकाळचे जा.

बदलापूर_फास्ट:
बापरे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. 'ड्रम्स अँड वायर्स' आणि 'इंग्लिश सेटलमेंट' ऐकून झाले. ठोकाबहाद्दर, टॉमटॉमचं एकदा कळल्यावर आता दुसरं काही ऐकूच येत नाही. काल 'स्कायलार्किंग' लावला, मुग्धाताई, गाणी अप्रतिम आहेत पण आवाज मला पातळ वाटला, बेस कुठे गेला कळेना. माझे हेडफोन खराब की मूळ रेकॉर्डिंगच असं?

मुग्धा_के:
हेडफोन ठीक आहेत तुमचे. बहुतेक जुनं मास्टर ऐकलंत. त्यात पोलॅरिटी उलटी होती. सोपं करून सांगते, सिग्नलची प्लस-मायनस अदलाबदल झाली की स्पीकरचा पडदा जिथे बाहेर यायला हवा तिथे आत जातो, आणि खालचे सूर अंगावर यायच्या ऐवजी मागे सरकतात. मल्टिट्रॅकपासून (प्रत्येक वाद्य वेगळं असलेली मूळ टेप) शेवटच्या मिक्सपर्यंतच्या वाटेत कुठेतरी वायरिंगची चूक झाली आणि जवळपास पंचवीस वर्षं जगाने तो अल्बम तसाच ऐकला. मास्टरिंग इंजिनिअर जॉन डेंटच्या ते लक्षात आलं, मग २०१० मध्ये पार्ट्रिजने स्वतःच्या एप हाउस लेबलवर दुरुस्त केलेली आवृत्ती काढली. तीच शोधा, 'करेक्टेड पोलॅरिटी' असं लिहिलेलं असतं. किंवा स्टीव्हन विल्सनने २०१६ मध्ये नव्याने मिक्स केलेली. 'ग्रास'चा बेस दोन्हीकडे ऐकून बघा, लगेच फरक कळेल.

जुनी_कॅसेट:
स्टीव्हन विल्सनने एक्सटीसीचे बरेच अल्बम असे नव्याने मिक्स केलेत, 'ब्लॅक सी'चंही काम सुंदर आहे. पण मी मुद्दाम परत आलो ते शेवटच्या भागासाठी, त्यावर कोणी बोललंच नाही. 'नॉनसच' (१९९२) नंतर बँडने चक्क संप केला. रेकॉर्ड कंपनीचा करार १९७७ चा, नवख्या पोरांबरोबर केलेला, त्यात यांच्या हाती जवळपास काही लागत नव्हतं, शिवाय जुन्या मॅनेजरबरोबरची कोर्टकचेरी. 'रॅप्ड इन ग्रे' हे सिंगल कंपनीने काढलं आणि मागे घेतलं, तिथे पार्ट्रिजची सहनशक्ती संपली. करारातून सोडा नाहीतर एक सूरही रेकॉर्ड करणार नाही, असं म्हणून वर्षानुवर्षं बसून राहिले. ऐन उमेदीची वर्षं गेली माणसाची, पण हटले नाहीत, आणि सुटले. ज्याला दौरा करता येत नाही त्या बँडकडे कंपनीशी लढायला रेकॉर्ड न करणं सोडून दुसरं हत्यार तरी काय होतं?

सुटल्यावर १९९९ मध्ये स्वतःच्या लेबलवर 'ॲपल व्हीनस व्हॉल्यूम वन' आला. ॲबी रोडला ऑर्केस्ट्रा घेऊन केलेला. पहिलं गाणं 'रिव्हर ऑफ ऑर्किड्स', त्यात गिटारही नाही आणि ड्रम्सही नाहीत, पाण्याचे थेंब पडतात, त्यावर तंतुवाद्यं आणि ट्रम्पेटचे छोटे तुकडे फिरत राहतात आणि आवाज एकावर एक चढत जातात. नायजेलपासून तिथपर्यंत वीस वर्षांत एवढं अंतर चाललेला त्या पिढीतला दुसरा बँड मला तरी माहीत नाही. वाईट इतकंच की तो बनत असतानाच डेव्ह ग्रेगरी सोडून गेला. २००० चा 'वास्प स्टार' गिटारवाला आहे, चांगला आहे, शेवटचाही तोच.

ठोकाबहाद्दर:
जुनी_कॅसेट, एकदम मान्य. एक राहिलंच, ड्यूक्स ऑफ स्ट्रॅटॉस्फिअर! १ एप्रिल १९८५ ला याच मंडळींनी खोटी नावं घेऊन, जॉन लेकीला प्रोड्यूसर घेऊन साठच्या दशकातला सायकेडेलिक बँड असल्याचं सोंग आणलं आणि '२५ ओ'क्लॉक' काढला, आणि तो ब्रिटनमध्ये 'बिग एक्सप्रेस'पेक्षा जास्त खपला. पुढे स्टोन रोझेस या बँडचा पहिला अल्बम ज्याने केला तो हाच लेकी. ड्रम्सवर डेव्ह ग्रेगरीचा भाऊ इयन. दौरे बंद झाल्यावर हे लोक किती मोकळेपणाने खेळत होते ते यात दिसतं, म्हणून 'स्कायलार्किंग'च्या आधी हा ऐकलास तर 'स्कायलार्किंग' कुठून आला ते समजेल. पेडण्याचो झील, टेरी चेंबर्स आता ईएक्सटीसी नावाने ही गाणी घेऊन फिरतो, तिकडे शो लागला तर जाऊन ये आणि इथे लिही.

पेडण्याचो_झील:
जातो आणि लिहितो. २०१८ ला टेरी आणि कॉलिनने मिळून इथे स्विंडनलाच थोडे शो केले होते, तेव्हा मला तिकीट मिळालं नाही, त्याची हळहळ आहे. बदलापूर, एलपीचं काय ठरलं?

बदलापूर_फास्ट:
'इंग्लिश सेटलमेंट', दोन तबकड्यांची. दुकानदाराला फोन करून डिस्क मोजायला लावल्या. 'स्कायलार्किंग' दुरुस्त केलेला मिळाला की पुढच्या महिन्यात. तोवर आज घरी जाताना ड्यूक्स.