नदीकाठची सायकल, पक्षी आणि झाडं : आपापलं लिहा

रानवाट : टायरमधून बाभळीचा काटा उपटताना पुण्याजवळचं नदीकाठचं कवडीपाट आठवलं, म्हणून धागा. माझ्याकडून एवढंच : पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकाची कटकट सुरू होते आणि काठावरचा तुतवार पक्षी उडतो. उतरून ढकलत नेली तरी वाजतेच. बंधाऱ्याच्या बऱ्याच आधी सायकल झाडाला टेकवा, पुढे चालत जा. उन्हाकडे पाठ.

दोन_पायडल : काटा उपटलास, पण टायर आतून चाचपलास का? टोक मोडून आतच राहतं. बोट हळू फिरवायचं, नाहीतर नवी ट्यूबही तिथेच जाते. मातीच्या वाटेला 35 मिमी रुंद टायरमध्ये हवेचा दाब 50 पीएसआय पुरे.

रानवाट : चाचपला. बोटाला लागला 😑

शेवरी : दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच 42 मिमीची. 10 पटीची दम लागल्यावर फार हलते. गळ्यात लोंबती नको, हँडलवर आपटून आतल्या काचा सरकल्या की एकाचे दोन शेकाटे पक्षी दिसतात.

पोहेवाला : म्हणजे यादी दुप्पट, चांगलंच की!

सुमनकाकू : धोबी पक्षी ओळखताना सगळे फसतात. पाठ काळी आणि पांढरी भुवई असेल तर तो बारमाही इथलाच. पाठ राखाडी, कपाळ पांढरं, तर हिवाळी पाहुणा. बगळ्याचे पायही बघा : चोच काळी, पाय काळे, बोटं मात्र पिवळी, तो छोटा बगळा. गाय बगळ्याची चोच पिवळी.

गवत्या : झाडांचं कोणी लिहीतच नाही! पाण्याच्या अगदी कडेला, लांबट आणि खालून पांढुरक्या पानांचं ते वाळुंज. करंजाच्या एका पानाला 5 ते 7 चकचकीत पर्णिका, म्हणजे छोटी पानं. बाभूळ-सुबाभूळ घोळ नको : सुबाभळीला काटे नसतात, फुलं पांढरी, शेंगा चपट्या. बाभळीची फुलं पिवळी, शेंग मण्यांच्या माळेसारखी.

दोन_पायडल : म्हणजे पंक्चर टाळायला सुबाभळीखाली थांबायचं 😄

गवत्या : थांब, पण लावू नकोस. बी पडेल तिथे उगवते.

शेवरी : काकू, चक्रवाक बदकं कधी दिसतात?

सुमनकाकू : थंडीत गं. नारिंगी अंग, फिकं डोकं. पोहण्यापेक्षा काठावरच जास्त दिसतात. उडाले की पंखावरचा पांढरा पट्टा बघ. आता कुकरची शिट्टी झाली, बाकीचं रात्री.

पोहेवाला : चेनला तेल टाकल्यावर पुसायचं की नाही?

दोन_पायडल : दर कडीवर एक थेंब, मग कोरड्या फडक्याने पूस. ओली ठेवलीस तर वाळू धरते.