'प्लाक'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीकाठ: रत्नागिरीकडच्या कोळंबी प्रक्रिया केंद्रांसाठी पत्रक मराठीत करायचंय. मथळा: 'फेज वापरून घातक व्हिब्रिओ ओळखा'. फेज म्हणजे जीवाणूंत वाढणारे विषाणू, व्हिब्रिओ हा खाऱ्या पाण्यातला जीवाणू. 'बशीतले प्लाक मोजा' इथे गाडी अडलीय. कोशात 'कीटण' आहे, पण ते दातांवरचं, साचलेलं. इथे तर उलट, असलेलं गेलेलं असतं.

सूक्ष्मदर्शी: 'चाई' म्हणा. बशीत खाली दीड टक्का अगार, म्हणजे जीवाणू वाढवायची जेली. वर पाऊण टक्क्याहून कमी, ४५ अंशांवर पातळ ठेवलेला, त्यात जीवाणू आणि फेज मिसळून ओततात. रात्रभरात गढूळ थर धरतो आणि फेजने पेशी फोडल्या तिथे गोल, स्वच्छ जागा राहते. डोक्यावरची चाई अशीच दिसते.

तळटीप: चाई हा आजार. 'विरळी' बरा. आणि 'फेज' कशाला? 'जीवाणुभक्षी' आहे की.

सूक्ष्मदर्शी: भक्षी कसला? तो आपली जनुकं आत सोडतो, आत पिल्लावळ वाढते, पेशी फुटते. द'हेरेल यांनी १९१७ साली ग्रीक 'खाणे'वरून नाव दिलं, ते आपण का ओढायचं?

तळटीप: गंज लोखंड खातो, वाळवी दार खाते, साहेब पैसे खातो. मराठीत खायला दात लागत नाहीत.

वाशिष्ठी: शब्द काहीही ठेवा, पायऱ्या नीट लिहा. कोळंबीच्या नमुन्यात फेज घातल्यावर दहाएक मिनिटं व्हिब्रिओला चिकटू द्यायचे, मग बाहेर उरलेले फेरस अमोनियम सल्फेटने मारायचे, त्या रसायनाचा जोर मोडायचा आणि मगच मदतनीस जीवाणू घालायचे. नमुन्यातल्या व्हिब्रिओत शिरलेले फेज पेशी फोडून बाहेर आले की या मदतनीसांच्या थरावर चाई पाडतात. मारायची पायरी कच्ची राहिली तर उरलेले फेजच मदतनीसांवर चाई पाडतात आणि स्वच्छ कोळंबी दूषित ठरते. म्हणून कोळंबी न घातलेली एक बशी सोबत हवीच. तिच्यात चाई दिसली तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. अगारात ३ टक्के मीठही हवं. बहुतेक व्हिब्रिओंना त्याशिवाय थर धरवत नाही, मग चाई पडणार कशावर?

तळटीप: विषाणू जिवंत की निर्जीव यावर वाद असताना 'मारायचे'? 'निकामी करायचे'.

खाडीकाठ: मूळ प्रतीत 'सेन्सर पेशी' होतं. 'मदतनीस' उचलतो. चाई दिसलीच नाही तर 'व्हिब्रिओ नाही' असं छापू?

वाशिष्ठी: 'आढळला नाही' छापा. एकच फेज सगळ्या वाणांना लागू पडत नाही. म्हणून तीन-चार फेजांचं मिश्रण वापरतात, तरी एखादा वाण निसटतो.

सूक्ष्मदर्शी: मथळ्यातला 'घातक'ही काढा. खाडीत सापडणाऱ्या बहुतेक व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसमध्ये टीडीएच हे विष बनवणारं जनुक नसतं. चाई पाहून ते कळत नाही, त्याला पीसीआर, म्हणजे जनुक शोधणारी चाचणी, लागते.

तळटीप: 'घातक' नको, 'उपद्रवी' चालेल.

सूक्ष्मदर्शी: उपद्रव तरी कुठे सिद्ध झालाय?

तळटीप: मग 'संशयित'.

वाशिष्ठी: पोलीस ठाण्याचं पत्रक आहे का?