केपटाऊनला केल्पच्या जंगलात शार्कसोबत डाइव्ह, कुणी केलंय का?

निळाई_पुणे:
नमस्कार मंडळी, जुलैत केपटाऊनला जातोय, नवऱ्याचं ऑफिसचं काम आहे त्यामुळे मला चार दिवस मोकळे आहेत. माझा ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स अंदमानात हॅवलॉकला झाला, मग कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला दोनदा जाऊन आले, एकूण १४ डाइव्ह, पण सगळ्या कोमट पाण्यात आणि पातळ सूट घालून. सायमन्स टाऊनच्या पुढे मिलर्स पॉइंटला गाइड घेऊन केल्पमध्ये (समुद्रात झाडांसारखं उंच वाढणारं शेवाळ) सेव्हनगिल शार्क बघता येतात, पिंजरा वगैरे काही नसतो, हे कळल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. तर १४ डाइव्हवर हे झेपेल का, केल्पमध्ये पाय अडकतात का, आणि शार्क खरंच काही करत नाहीत ना? आईला अजून सांगितलेलं नाही.

फॉल्सबेकर:
मी सहा वर्षं इथे राहतो आणि जमेल तेव्हा त्याच पाण्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जुलै चांगला निवडलाय. हिवाळ्यात वारा वायव्येकडून येतो त्यामुळे फॉल्स बे या उपसागराची मिलर्स पॉइंटकडची बाजू शांत असते आणि पाणीही बऱ्यापैकी स्वच्छ, उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की तिथे सगळं गढूळ होऊन जातं. पाणी साधारण १३-१४ डिग्री. हुडमध्ये पहिलं पाणी शिरतं ना तेव्हा बर्फाचा गोळा घाईने खाल्ल्यावर कपाळात कळ जाते तसं होतं, मिनिटभर थांबायचं, श्वास शांत झाला की मगच खाली जायचं. ७ एमएम सूट, हुड, ग्लोव्हज, बूट सगळं तिथे भाड्याने मिळतं.

शार्कचं म्हणाल तर सेव्हनगिल दिवसा केल्पच्या मधल्या मोकळ्या गल्ल्यांतून अगदी सावकाश फिरत असतात, शिकार बहुतेक रात्री. बाकीच्या बहुतेक शार्कना कल्ल्याच्या पाच चिरा, याला सात, आणि पाठीवर एकच पंख तोही पार मागे शेपटीकडे. अंग राखाडी, त्यावर काळे ठिपके, लांबी दोन-अडीच मीटर सहज. माझ्या पहिल्या डाइव्हला एक मादी माझ्या खांद्याजवळून गेली, तिचा तो बारीक डोळा माझ्यावरून फिरला आणि ती तशीच पुढे गेली, वेग जराही बदलला नाही. आपण तळाशी राहायचं, हात जवळ, पाठलाग नाही, स्पर्श नाही. आमिष टाकणाऱ्यांबरोबर जाऊ नका, तिथे आमिषाची गरजच नाही.

पण एक गोष्ट बुकिंगच्या आधीच कळलेली बरी. २०१५ पासून या भागात दोन ऑर्का (किलर व्हेल) येऊ लागले, एकाचा पाठीवरचा पंख डावीकडे कललेला, दुसऱ्याचा उजवीकडे, म्हणून त्यांची नावं पोर्ट आणि स्टारबोर्ड, म्हणजे जहाजाच्या भाषेत डावी आणि उजवी बाजू. त्यांनी सेव्हनगिल मारून फक्त यकृत काढून खाल्लं, डायव्हर लोकांना तळावर बाकीचे देह सापडले. त्यानंतर शार्क तिथून बरेच दिवस गायब झाले आणि आता पूर्वीसारखी खात्री राहिलेली नाही. जो ऑपरेटर शंभर टक्के दिसतील म्हणतो त्याच्याकडे पैसे भरू नका, माझ्या मित्राला असंच सांगून नेलं आणि नंतर विचारलं तर कुणी धड उत्तर दिलं नाही.

म्हणून माझं मत, सेव्हनगिलसाठी जाऊ नका, जंगलासाठी जा. तिथे शायशार्क नक्की बघा, साधारण हातभर लांबीचा, घाबरला की चकलीसारखं वेटोळं करतो आणि शेपटीने डोळे झाकतो. पट्ट्यापट्ट्यांचा पजामा शार्कही कपारीत सापडतो. गाइडला कॅटशार्कची (हे दोन्ही त्याच कुळातले) अंड्याची पिशवी दाखवायला सांगा, केल्पच्या दांड्याला तंतूंनी बांधलेली असते, मागून टॉर्च धरला की आतलं पिल्लू वळवळताना दिसतं. तोडायची मात्र नाही.

देवबाग_डायव्हर:
फॉल्सबेकर भाऊंनी शार्कचं सांगितलं, मी कमरेला लावायच्या शिशाच्या वजनाचं सांगतो कारण मी पर्यटकांना पाण्यात उतरवतो आणि नव्या माणसाची खरी गडबड तिथेच होते. जाड सूट खूप तरंगतो. ताई, नेत्राणीला तुम्ही ४-५ किलो लावलं असेल तर तिथे त्याच्या दुप्पट किंवा जास्तच लागेल, आणि खाली गेल्यावर सूट दाबला जातो मग तेच वजन जड वाटतं. पहिली डाइव्ह शार्कची ठेवूच नका, त्याच गाइडबरोबर आधी उथळ पाण्यात एक साधी डाइव्ह मारा, ग्लोव्हज घालून मास्क काढा-घाला, बीसीडीचं (हवा भरायच्या जॅकेटचं) बटण बोटांना सापडतंय का बघा. थंडीत हवाही लवकर संपते, गेज नेहमीपेक्षा जास्त वेळा बघायचा. आमच्याकडे मोरी, म्हणजे छोटा शार्क, बहुतेकांनी ताटातच बघितलेली असते, जिवंत बघितलेली माणसं कमी, म्हणून तुम्ही जाताय याचा मला मनापासून आनंद वाटला.

सॅनडिएगोकर:
केल्पमध्ये अडकायचं विचारलंत म्हणून लिहिते. आमच्या ला होयाला जायंट केल्प असतं, केपचं वेगळं, दांडा जाड आणि एकच, तरी नियम तोच. अडकलं असं वाटलं की गरगर फिरायचं नाही, फिरलात की अजून गुंडाळलं जातं. थांबा, थोडं मागे सरका, बडीला (सोबतच्या डायव्हरला) खूण करा, तो सोडवतो. लटकणारे होज, कॅमेऱ्याची दोरी सगळं अंगाशी बांधून घ्या. वर येताना मोकळी जागा बघा आणि एक हात डोक्यावर धरा. लाटेचं पुढे-मागे ओढणं लागेल, त्याच्याशी झगडू नका, केल्प हलतं तसं तुम्हीही हला. पहिल्यांदा मी घाबरून दांडा घट्ट धरून ठेवला होता आणि अर्धी हवा तिथेच संपवली. मग वर बघितलं तर पानांतून ऊन खाली येत होतं आणि मी तशीच बघत राहिले.

फॉल्सबेकर:
हो आणि टेबल माउंटन डाइव्हच्या आधी करून घ्या, केबल कार हजार मीटरच्या वर नेते, तिथे हवेचा दाब कमी म्हणून डाइव्ह झाल्या झाल्या जायचं नाही. विमानाआधीही किमान १८ तास सोडा.

निळाई_पुणे:
सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आता असं ठरवलंय, पहिल्या दिवशी टेबल माउंटन, दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात सरावाची डाइव्ह, तिसऱ्या दिवशी मिलर्स पॉइंट, चौथा पूर्ण रिकामा कारण पाचव्या दिवशी पहाटेचं विमान आहे. नवरा सुट्टी काढू शकला तर तो बोल्डर्सला पेंग्विन बघेल. सेव्हनगिल दिसले नाहीत तरी चालेल, ती अंड्याची पिशवी मला बघायचीच आहे. देवबाग_डायव्हर, पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे येते, वजनाचं तेव्हा अजून विचारायचंय.