बाहेरचं सील बदलून गळती थांबणार नाही

मारुती जिप्सीच्या पुढच्या नकलमधून (knuckle, पुढचं चाक वळवणारा सांधा) नवं सील घातलं तरी गळतंय, या प्रश्नावर सीलच डुप्लिकेट असणार, असं वर दोघातिघांनी लिहिलंय. असेलही. पण जिप्सीत ते बाहेरचं सील ग्रीस आत आणि चिखल बाहेर ठेवण्यापुरतंच. तिथून पातळ तेल ओघळत असेल तर अ‍ॅक्सल हाउसिंगच्या (दोन चाकांमधल्या पोकळ लोखंडी भागाच्या) नळीतलं आतलं ऑइल सील गेलेलं असतं. डिफरन्शियलचं (हाउसिंगमधल्या गिअरचं) तेल नकलमध्ये उतरून ग्रीस धुऊन काढतं. ते सील बदलायला शाफ्ट (चाक फिरवणारा आतला दांडा) बाहेर ओढावाच लागतो. मग किंगपिनची (नकल ज्यावर वळतं त्या खिळीची) बेअरिंगही बघून घ्या, आणि शिम (किंगपिनच्या पातळ चकत्या) डाव्या-उजव्या, वरच्या-खालच्या वेगवेगळ्या बांधून ठेवा. मिसळल्या तर स्टिअरिंग एकतर थरथरतं नाहीतर जड होतं.

ब्रीदरबद्दल (हाउसिंगमधली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) मात्र अजून कुणीच बोललं नाही. आपल्याकडे गाडी तापलेली असतानाच पुळणीवरून खाडीच्या पाण्यात घालतात. हाउसिंग झटक्यात थंड होतं, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर चोंदलेला असला की सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. ड्रेन बोल्ट उघडल्यावर तेल दुधाळ निघालं तर समजा तेच झालंय. शिवाय खाऱ्या पाण्याने नकलच्या गोळ्याला, ज्यावर बाहेरचं सील घासतं, नखाला लागतील असे खड्डे पडतात, नवं सील त्यावरच फाटतं. दापोलीचे आमचे मिस्त्री खड्डे इपॉक्सीने भरून पॉलिश पेपरने घासतात. जुगाडच, पण पावसाळा निघतो. ब्रीदरला मी रबरी नळी जोडून बॉनेटखाली वरपर्यंत नेली आहे, टोक खाली वळवून.